स्वतःची रोबोटिक वेधशाळा: आधी छत, वीज, पाऊस आणि मग दुर्बीण

माणदेशी_रात्र

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुमारास मी इथे एचडी १८९७३३ या ताऱ्याचा प्रकाशालेख (उजेड वेळेनुसार कसा बदलतो त्याचा आलेख) टाकला होता, डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारचा तारा, त्याच्यासमोरून त्याचा ग्रह दर २.२ दिवसांनी जातो आणि ताऱ्याचा उजेड साधारण अडीच टक्क्यांनी कमी होतो. तेव्हा तिघाचौघांनी विचारलं की तू पुण्यात आणि दुर्बीण गावाकडे, मग हे जमतं कसं, साहित्य काय काय आहे, आणि आपल्याकडच्या लाइटीच्या भरवशावर असलं काही चालतं का. व्यनिमध्ये (खाजगी संदेशात) तेच तेच लिहिण्यापेक्षा धागा काढलेला बरा, पुढच्या माणसालाही उपयोग होईल.

आधी जागा. आमचं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्हा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात आमच्याकडे पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. लहानपणापासून या दुष्काळाला सगळे कंटाळलेले, पण आकाश बघणाऱ्यासाठी पर्जन्यछाया म्हणजे ढग कमी आणि मोकळ्या रात्री जास्त. घराच्या मागे आमचं माळरान आहे, मुरमाड, तिथे काही पिकत नाही. अण्णांना (माझे चुलते, ते तिथेच राहतात) म्हटलं मला दहा बाय दहाची जागा द्या. दिली.

आता मूळ मुद्दा. रोबोटिक वेधशाळा म्हटलं की सगळे पहिला प्रश्न विचारतात दुर्बीण केवढी. माझी ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, फोकल लेंग्थ १००० मिमी, म्हणजे एफ/५. खाली माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यामागे फिरवणारी मोटरवाली बैठक, ईक्यू६-आर प्रो. कॅमेरा झेडडब्ल्यूओचा एएसआय २६०० मोनो, कूलिंगवाला, फिल्टर व्हील, मोटरवाला फोकसर, तारा जागचा हलू नये म्हणून लक्ष ठेवणारी एक छोटी गाइडस्कोप. हे सगळं बाजारात मिळतं, पैसे टाकले की येतं, आणि यूट्यूबवर प्रत्येकाची माहिती आहे. यातलं काहीही मला अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते छत. अडीच वर्षांतलं दीड वर्ष माझं छत, वीज आणि पाऊस ओळखणारे सेन्सर यातच गेलं, आणि आज कुणी विचारलं तर मी सांगेन की पैशातला आणि डोक्यातला पहिला वाटा तिकडे ठेवा, दुर्बीण लहान घ्या हवं तर.

का ते सांगतो. पहिल्या वर्षी मी सगळा कारभार पुण्यातल्या कॉम्प्युटरवरून चालवत होतो. गावाकडे छोटा पीसी, पण हवामान बघून निर्णय घेणारी स्क्रिप्ट इथे पुण्यात, रिमोट डेस्कटॉपवरून छत उघड, छत लाव. एप्रिलमधली रात्र, वळवाचे दिवस. साडेअकरापर्यंत आकाश निव्वळ काच. सव्वाबाराला गावातली वीज गेली, पाठोपाठ मोबाईलचा टॉवर बंद पडला, राउटर चालू पण नेटच नाही. माझ्या स्क्रीनवर शेवटचा फोटो तसाच दिसत राहिला, मला वाटलं स्क्रिप्ट अडकली असेल. पाऊण वाजता घराच्या लँडलाइनवरून अण्णांचा फोन, पश्चिमेला विजा चमकतायत आणि तुझं छत उघडं आहे. मी म्हटलं ताडपत्री टाका. त्यांनी आणि चुलतभावाने बॅटरीच्या उजेडात शिडी लावून ताडपत्री टाकली आणि पाचच मिनिटांत टपोरे थेंब सुरू झाले. अण्णा तेव्हा ६७ वर्षांचे. विजा चमकत असताना ते लोखंडी शिडीवर उभे होते हे मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि त्या रात्रीनंतर मी दोन महिने दुर्बीण चालू केली नाही.

मग सगळं उलटं मांडलं. आता नियम असा आहे की छत लागायला कुणाचीही परवानगी लागत नाही, उघडं राहायला मात्र सतत परवानगी लागते. छताशेजारी एक छोटा कंट्रोलर बसवलाय, १२ व्होल्टच्या बॅटरीवर, घरच्या विजेशी संबंध नाही. गावातला पीसी त्याला दर मिनिटाला "सगळं ठीक" असा एक संदेश देतो. तीन मिनिटं तो संदेश आला नाही तर कंट्रोलर कुणाला न विचारता छत लावून टाकतो. पीसी हँग झाला, छत लागतं. वीज गेली आणि यूपीएस संपत आला, छत लागतं. पावसाचा सेन्सर तर थेट कंट्रोलरलाच जोडलाय, मध्ये पीसी नाहीच. आणि पुणे या सगळ्यात कुठेच नाही, मी फक्त बघणारा. नेट गेलं तरी रात्रीचं काम ठरल्याप्रमाणे पुरं होतं आणि सकाळी छत लागलेलं असतं.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो. दिवसा ऑफिस असतं त्यामुळे उशीर होईल.

ध्रुवशोधक

वाचनखूण साठवली. अण्णांना माझा नमस्कार सांगा.

छत कुठल्या प्रकारचं आहे, घुमट की सरकतं? आणि सरकतं असेल तर दुर्बिणीचं तोंड वर असताना छत बंद झालं तर धडकत नाही का? मी जिथे जिथे वाचलंय तिथे आधी दुर्बीण पार्क करा (ठरलेल्या आडव्या जागी आणून थांबवा), सेन्सरने खात्री करा, मग छत लावा असं असतं. तुमच्या पद्धतीत पीसीच हँग झाला तर दुर्बीण पार्क कोण करणार?

माणदेशी_रात्र

@ध्रुवशोधक, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट विचारलीत आणि मी लिहायची राहिली. सरकतं छत आहे. भिंती मुद्दाम उंच घेतल्यात, दुर्बीण कुठल्याही दिशेला तोंड करून असली तरी छत तिच्यावरून वीतभर अंतर राखून जातं. म्हणून पार्क झाली की नाही हा प्रश्नच काढून टाकला. बाहेरच्या देशात बरेच जण भिंती बुटक्या ठेवतात, कारण क्षितिजाजवळचं आकाश मिळतं, पण मग पार्क सेन्सरवर सगळा जीव टांगलेला राहतो. मला ते नको होतं.

याची किंमत मोजावी लागली. उंच भिंतींमुळे चारही बाजूंनी २५ अंशांपर्यंतचं आकाश गेलं. पूर्व-पश्चिम गेलं तर चालतं, थोडा वेळ थांबलं की तारा वर येतोच. उत्तरेकडे ध्रुव १७-१८ अंशांवर, तो गेला, पण तिथे मला काही मोजायचं नाही. दक्षिण गेली त्याचं वाईट वाटलं. आपलं अक्षांश इतकं कमी आहे की ओमेगा सेंटॉरीचा गुच्छ २५ अंशांपर्यंत चढतो आणि ईटा कॅरिनी बारा-तेरा अंशांवर येतो, युरोपातला माणूस हे बघायला विमानाने जातो आणि आपण भिंत बांधून झाकायचं. शेवटी दक्षिणेच्या भिंतीचा वरचा दीड फूट कापून बिजागरीवर खाली पडणारी झडप केली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या फाळक्यासारखी. तिला वेगळी छोटी मोटर. छत आधी लागतं, झडप नंतर, आणि समजा झडप अडकली तरी वरून पाऊस येत नाही, फार तर बाजूने तुषार येतील.

सांगाडा चॅनेल आणि अँगलचा, वर पत्रा, आतून थर्माकोल. खाली व्ही-ग्रूव्हची चाकं आणि उलटा अँगल हाच रूळ. मोटर म्हणजे बंगल्याच्या सरकत्या गेटला बसवतात तीच, दातेरी पट्टीसकट. फॅब्रिकेटर दहिवडीचा, त्याने आयुष्यात वेधशाळा बघितली नव्हती पण गेटं शेकड्याने केलेली, आणि कामाला गेटवालाच लागतो. फक्त एक गोष्ट त्याला परत परत सांगावी लागली, वाऱ्याने छत उचललं जाऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांना खालून आकडे हवेत. आमच्याकडे वळवाआधीचा वारा पत्रे उडवतो.

दुर्बिणीचा काँक्रीटचा खांब फरशीपासून सुटा आहे, मध्ये दोन बोटं फट सोडून वाळू भरलीय. छत सरकताना भिंती थरथरतात, ती थरथर खांबाला जाता कामा नये.

सोल्डरवाली

दादा, कंट्रोलरबद्दल अजून सांगा ना. मी ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर असंच काहीतरी करतेय गच्चीवरच्या पेटीसाठी. छत टोकाला पोचलं हे सांगणारे लिमिट स्विच कुठले वापरलेत? माझे रोलरवाले स्विच सहा महिन्यांत गंजले. आणि ढगाचा सेन्सर स्वतः बनवलात की विकत?

माणदेशी_रात्र

@सोल्डरवाली ताई, लिमिट स्विच आधी माझेही यांत्रिकच होते आणि त्यांच्यात पालीने घर केलं, अक्षरशः पालीच्या अंड्यांमुळे स्विच दाबलेला राहिला आणि कंट्रोलरला वाटलं छत लागलंय. आता चुंबक जवळ आलं की लागणारे, काचेत बंद असलेले रीड स्विच, दोन्ही टोकांना दोन-दोन. दोन्हींचं म्हणणं जुळलं तरच खरं मानायचं, नाही जुळलं तर मला मेसेज.

पावसासाठी हायड्रीऑनचा आरजी-११. त्याच्या पारदर्शक घुमटात इन्फ्रारेड किरण आतल्या आत परावर्तित होत फिरतात, बाहेर थेंब पडला की थोडा उजेड निसटतो आणि ते त्याला कळतं, त्यामुळे पहिल्या थेंबालाच रिले पडतो. धूळ बसली की मात्र वेड्यासारखा वागतो, महिन्यातून एकदा फडक्याने पुसावा लागतो.

ढगाचा घरचाच आहे, एमएलएक्स ९०६१४ हा इन्फ्रारेड थर्मामीटर आकाशाकडे तोंड करून ठेवलाय. मोकळं आकाश हवेपेक्षा वीस-पंचवीस अंश थंड दिसतं, ढग आला की फरक झपाट्याने कमी होतो. आकडा मात्र ऋतूप्रमाणे बदलतो हे लक्षात ठेव. मार्चमध्ये हवा कोरडी, फरक मोठा, ऑक्टोबरमध्ये दमट हवेत मोकळं आकाशही कमी थंड दिसतं. एकच आकडा वर्षभर ठेवलास तर ऑक्टोबरमध्ये छत कधी उघडणारच नाही. तयार हवं असेल तर स्पेनच्या लुनाटिकोचा क्लाउडवॉचर चांगला असं ऐकलंय, त्यात हे सगळं एकाच डबीत येतं.

कोकणचो_झील

भाऊ मस्त काम. आमच्याकडे मालवणात दुर्बीण बाहेर काढली की तासाभरात दवाने ओली होते आणि दोन वर्षांत आरशावर बुरशी धरली. पावसाळ्यात तुम्ही काय करता? जून ते सप्टेंबर सगळं तिथेच ठेवता?

आणि लायटीचं काय? वेधशाळेला शेतीपंपाची लाइन आहे की घरगुती?

माणदेशी_रात्र

पावसाळ्यात कॅमेरा, फोकसर, फिल्टर व्हील काढून पुण्याला आणतो, डब्यात सिलिका जेल घालून. आरसा दुर्बिणीतच राहतो पण नळीची दोन्ही तोंडं बंद, आत सिलिका जेलची पिशवी, आणि खोलीत कपाटातल्या दमटपणासाठी मिळतो तसला छोटा हीटर चोवीस तास चालू. बुरशीला दमट हवा आणि साठलेली धूळ दोन्ही लागतात, यातलं एक जरी काढलं तरी ती धरत नाही असा माझा अनुभव आहे. कोकणात मात्र मी स्वतः कायमची वेधशाळा बांधायचा सल्ला देणार नाही, खारी हवा चाकं आणि माउंटचे स्क्रू खाऊन टाकेल. तुमचं घाटावर कुणी नातेवाईक असेल तर बघा.

वीज घरगुती सिंगल फेज. शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, तिच्यावर काहीच अवलंबून ठेवता येत नाही. आणि रात्रीची लाइन आली की आजूबाजूच्या मोटरी एकदम चालू होतात आणि घरातला बल्ब मिणमिणतो, इतकं व्होल्टेज पडतं. म्हणून महावितरणची वीज फक्त बॅटऱ्या चार्ज करायला वापरतो. माउंट, कॅमेरा, फोकसर, दव धरू न देणारा ड्यू हीटर सगळं १२ व्होल्ट डीसीवर चालतं, तर मध्ये इन्व्हर्टर घालून डीसीचं एसी आणि परत डीसी करायची गरजच नाही. दोन मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्या आणि पत्र्यावर दोन सोलर पॅनेल. एक रात्र पुरते, तेवढीच हवी.

विजेची, म्हणजे आकाशातल्या विजेची, भीती वेगळी. घर ते वेधशाळा ६० मीटर अंतर, आधी साधी लॅन केबल टाकली होती, कुठेतरी लांब वीज पडली आणि दोन्ही टोकांचे स्विच जळाले. आता फायबर टाकलाय. काचेतून करंट येत नाही. अर्थिंगचा खड्डा वेगळा, कोळसा-मीठ घालून केलेला, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं, आमच्या मुरमात ओल टिकत नाही.

उंदरांबद्दल कुणी विचारलं नाही पण सांगतो, केबल आत येते त्या प्रत्येक भोकात तांब्याची भांडी घासायची जाळी कोंबा. एका हिवाळ्यात उंदराने गाइड कॅमेऱ्याची केबल कुरतडली आणि अमावस्येचे चार दिवस गेले.

मृगशीर्ष

लेख आवडला, मेहनत दिसतेय. पण मनातलं विचारतो, राग मानू नका. मी १९८६ ला हॅलेचा धूमकेतू वांगणीजवळच्या माळावर थंडीत कुडकुडत बघितला, तेव्हापासून आकाशाचं वेड. माझ्यासाठी आकाश म्हणजे ती थंडी, तो अंधार, डोळा आयपीसला लावून पहिल्यांदा शनीची कडी दिसणं. यंत्र तिकडे एकटंच फोटो काढतंय आणि माणूस पुण्यात झोपलाय, यात आकाश कुठे राहिलं?

माणदेशी_रात्र

राग कसला काका, हा प्रश्न मला स्वतःलाही पडलेला आहे. गावाला गेलो की ६ इंची डॉबसोनियन (हाताने फिरवायची साधी दुर्बीण) अंगणात काढतो, घरचे सगळे जमतात, कॉम्प्युटरला त्यात काही जागा नाही. ते वेगळंच आहे आणि ते सुटू नये असं मलाही वाटतं.

पण नोकरीमुळे गावाला जाणं महिन्यातून एकदा, त्यात अमावस्या, त्यात आकाश मोकळं, असं जुळून वर्षाला सात-आठ रात्री मिळायच्या. ग्रहाचं अधिक्रमण, म्हणजे ताऱ्यासमोरून जाणं, मंगळवारी पहाटे तीनला असेल तर ते मंगळवारी पहाटे तीनलाच असतं, माझी सुट्टी बघत नाही. आता यंत्र तिथे रोज रात्री उभं असतं. मी सुंदर तेजोमेघांचे फोटो फारसे काढत नाही, ते काढणारे माझ्यापेक्षा फार चांगले लोक आहेत. मी मोजतो. एका ताऱ्याचा उजेड शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ताडून, रात्रभर, मिनिटाला एक. सकाळी उठून त्या आलेखात खड्डा दिसतो, आणि तो खड्डा एका ग्रहाच्या सावलीचा आहे हे कळतं, तेव्हा मला जे होतं ते शनीची कडी पहिल्यांदा दिसली तेव्हापेक्षा कमी नाही. शपथेवर सांगतो.

मृगशीर्ष

पटलं. सावलीचा खड्डा हा शब्दप्रयोग लक्षात राहील. पुढच्या अमावस्येला बोलवा, घोंगडी घेऊन येतो.

गच्चीवरून

पण हौशी माणसाच्या अशा मोजण्याचा शास्त्रज्ञांना खरंच उपयोग होतो का? त्यांच्याकडे हबल आणि जेम्स वेब असताना ८ इंची दुर्बिणीचं कोण विचारतो? खोचकपणे नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

ध्रुवशोधक

@गच्चीवरून, मी उत्तर देतो, कारण हा माझा आवडता विषय आहे. मोठ्या दुर्बिणींकडे वेळ नसतो. हबलला एकाच ताऱ्याकडे रोज बघत बसा असं कोण सांगणार, तिच्या एकेका तासासाठी जगभरातून अर्ज असतात. लहान दुर्बिणीकडे वेळच वेळ.

जपानचे कोइची इतागाकी बघा, हौशी खगोलनिरीक्षक, स्वतःच्या खासगी वेधशाळा, दुरून चालवतात, त्यांच्या नावावर दीडशेच्या वर सुपरनोव्हा (फुटणारे तारे) आहेत. १९ मे २०२३ ला एम१०१ दीर्घिकेतला एसएन २०२३आयएक्सएफ त्यांनीच पकडला आणि मग जगातल्या सगळ्या मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. अर्जेंटिनात रोसारियोला व्हिक्टर बुसो नावाचे गृहस्थ, त्यांची दुर्बीण रोबोटिक नव्हती, २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री घराच्या छतावरच्या वेधशाळेतून नवीन कॅमेरा तपासत एनजीसी ६१३ या दीर्घिकेचे फोटो काढत होते, आणि त्या फोटोंच्या मालिकेतच तारा फुटल्याचा पहिला उजेड सापडला. असा क्षण कुणी ठरवून पकडू शकत नाही, तुमची दुर्बीण तिकडे तोंड करून असावी लागते. सूर्यमालेबाहेरून आलेला दुसरा आंतरतारकीय पाहुणा, बोरिसोव्ह धूमकेतू, ३० ऑगस्ट २०१९ ला क्रिमियात गेन्नादी बोरिसोव्ह यांनी शोधला तो स्वतः बनवलेल्या ६५ सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून.

आणि यंत्रावर सोपवून झोपायला जाणं ही कल्पना नवीन नाहीये. १९८३ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनात लुई बॉइड यांच्या घरामागच्या अंगणात १० इंची दुर्बीण रात्रभर माणसाशिवाय ताऱ्यांचा उजेड मोजायला लागली होती, रसेल जेनेट आणि बॉइड यांच्या फेअरबॉर्न वेधशाळेचं ते काम. तेव्हाचे कॉम्प्युटर आठवा!

आपल्याकडे लडाखला हान्लेमध्ये ७० सेंटीमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे, आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांची, २०१८ पासून चालू. ती सरकारी पैशातली, खासगी नाही, पण पूर्णपणे रोबोटिक. मुंबईतला संशोधक साडेचार हजार मीटर उंचीवरच्या दुर्बिणीला पवईतून काम देतो. ते आणि माणदेशी_रात्र यांचं काम तत्त्वतः एकच.

माणदेशी_रात्र

@ध्रुवशोधक धन्यवाद, माझ्यापेक्षा छान सांगितलंत. माझा डेटा कुठे जातो तेही लिहितो. रूपविकारी (उजेड कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्यांची मोजमापं आव्सो या संस्थेकडे, १९११ पासून हौशी लोकांची निरीक्षणं जमवतात. अधिक्रमणांच्या वेळा एक्सोक्लॉक प्रकल्पाकडे. युरोपीय अवकाश संस्था एरियल नावाची दुर्बीण पाठवणार आहे, ती परग्रहांची वातावरणं तपासेल, आणि तिने नेमकं कधी बघायचं यासाठी अधिक्रमणाची वेळ अचूक माहीत असावी लागते. वर्षानुवर्षं कुणी मोजलं नाही तर वेळेतली चूक साठत जाते. ते मोजायचं काम लहान दुर्बिणींनी करायचं, त्यात माझी एक.

आणि रोज संध्याकाळी पहिलं काम म्हणजे उत्तर मुकुटातला टी कोरोना बोरियालिस, तो आकाशात असेल तेव्हा. १८६६ ला भडकला, १९४६ ला भडकला, एरवी दहाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, भडकला की दुसऱ्या प्रतीपर्यंत जातो. यंत्र दोन फोटो काढतं, मोजतं, ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर माझ्या फोनवर अलार्म. तो अलार्म मी उशाशी ठेवून झोपतो.

रोहिणीशकट

दादा मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नांदेड. एवढे पैसे नाहीत पण हे करायचंच आहे. सुरुवात कुठून करू? सॉफ्टवेअर कुठलं वापरता?

टेक्सासकर

@रोहिणीशकट, मी मूळचा नाशिकचा, आता बरीच वर्षं टेक्सासमध्ये. तुला दुर्बीण विकत घ्यायची गरजच नाही सुरुवातीला. हार्वर्ड-स्मिथसोनियनची मायक्रोऑब्झर्व्हेटरी फुकट आहे, ६ इंची रोबोटिक दुर्बिणी, वेबसाइटवर विनंती टाकायची, फोटो ईमेलने येतो, त्यावर मोजमाप शिक. पुढे आयटेलिस्कोपसारख्या ठिकाणी ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगची दुर्बीण मिनिटांच्या हिशेबाने भाड्याने मिळते.

माझ्या स्वतःच्या दुर्बिणीबद्दल सांगायचं तर मी तिसरा रस्ता घेतला. मी शहरात राहतो, आकाश केशरी. शहरापासून लांब राज्याच्या मध्यावर एक जागा आहे जिथे लोक आपापल्या दुर्बिणी ठेवायला देतात, एका मोठ्या सरकत्या छताखाली ओळीने दुर्बिणी, आपण खांबाचं महिन्याला भाडं द्यायचं, छत, वीज, नेट त्यांचं. मी एकदा जाऊन बसवून आलो, त्यानंतर वर्षभर हातसुद्धा लावलेला नाही. चिलेमध्ये रिओ उर्तादोच्या खोऱ्यातही अशा जागा आहेत, तिथलं आकाश तर जगात नावाजलेलं. फायदा उघड आहे, माणदेशी_रात्र यांनी जे दीड वर्ष छतात घातलं ते मला घालावं लागलं नाही. पण खरं सांगू का, त्यांचा धागा वाचून थोडा हेवा वाटला. माझ्या छताचा मला काही पत्ता नाही, उघडलं तर उघडलं.

माणदेशी_रात्र

@टेक्सासकर, असं काही नाही हो, तुमचा रस्ता जास्त शहाणपणाचा आहे, विशेषतः पावसाळ्यातले चार महिने माझं सगळं बंद असताना तुमचं चालू असतं. आणि तुमची रात्र म्हणजे भारतातला दिवस, त्यामुळे इथल्या माणसाने तिकडे दुर्बीण ठेवली तर जागरणसुद्धा नाही.

@रोहिणीशकट, टेक्सासकर म्हणतात ते बरोबर, आधी मोजायला शीक. सॉफ्टवेअरला मला एक पैसा लागलेला नाही. सगळ्याचा सूत्रधार निना, गाइडिंगला (दुर्बीण ताऱ्यावर नेमकी धरून ठेवायला) पीएचडी टू, फोटोवरून दुर्बीण नेमकी कुठे बघतेय ते ओळखायला अस्टॅप, आणि या सगळ्यांना यंत्रांशी बोलायला लावणारं एस्कॉम. लिनक्स आवडत असेल तर इंडी आणि एकॉस, रास्पबेरी पायवरही चालतं. निना तुझ्या लॅपटॉपवर दुर्बीण नसतानाही खोट्या कॅमेऱ्याने चालवता येतं, आजच बसवून रात्रीचा कार्यक्रम रचून बघ.

एक हिशेब सगळ्यांसाठी. कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये, त्याला २०६ ने गुणा, फोकल लेंग्थने भागा. माझं ३.७६ गुणिले २०६ भागिले १०००, म्हणजे पिक्सेलला ०.७७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). आपल्याकडच्या हवेत तारा अडीच-तीन विकलांचा पसरट दिसतो, त्यामुळे याहून लांब फोकल लेंग्थ घेऊन फक्त फोटो जड होतात. तसाही माझा एक फोटो ५२ एमबीचा आहे. रात्रीचे चारशे फोटो म्हणजे वीस जीबीच्या वर, आमच्या गावातल्या फोरजीवरून ते पुण्याला येणं शक्यच नाही. म्हणून मोजमाप गावातल्याच पीसीवर होतं, पुण्याला येतो तो आकड्यांचा तक्ता, आणि हार्ड डिस्क मी महिन्याला बदलून आणतो.

दुसरी गोष्ट फोकस. हिवाळ्यात आमच्याकडे संध्याकाळ ते पहाट तापमान सहज दहा-बारा अंश उतरतं. मीटरभर लांबीची ॲल्युमिनियमची नळी दहा अंशांना जवळजवळ पाव मिलिमीटर आकसते, आणि एफ/५ ला फोकसची सूट (जेवढं सरकलं तरी फोटो तीक्ष्ण राहतो) साधारण ६७ मायक्रॉन, म्हणजे तिच्या तिपटीहून जास्त. माणूस जवळ असता तर फिरवला असता. माणूस नाही, म्हणून मोटरवाला फोकसर हा चैनीचा भाग नाही, दर एक अंशाला निना स्वतः परत फोकस करतं.

सोल्डरवाली

दादा शेवटचा एक प्रश्न, छत उघडायचा निर्णय कोण घेतं? लागायचं कळलं.

माणदेशी_रात्र

चांगलं विचारलंस. उघडायच्या आधी पाच गोष्टी जुळाव्या लागतात: सूर्य क्षितिजाखाली बारा अंश, पावसाचा सेन्सर अर्धा तास कोरडा, आकाश-हवा तापमानातला फरक पुरेसा, वारा कमी, बॅटरी पुरेशी भरलेली. आणि सहावी मी मुद्दाम घातलीय, घराच्या पडवीत एक साधं बटण आहे, लाल, भिंतीवर. ते अण्णांचं. त्यांनी दाबलं की त्या रात्री छत उघडत नाही, उघडं असेल तर लागतं, मी पुण्यातून काहीही केलं तरी. ते पश्चिमेकडे बघतात, वाऱ्याचा वास घेतात आणि ठरवतात. गेल्या मे महिन्यात चार वेळा दाबलं. तीन वेळा माझ्या सेन्सरला काहीच दिसत नव्हतं आणि तिन्ही वेळा दोन तासांच्या आत पाऊस आला.

कोकणचो_झील

आणि चौथ्या वेळी?

माणदेशी_रात्र

चौथ्या वेळी पाऊस आला नाही, रात्रभर आकाश मोकळं राहिलं आणि माझं वास्प-४३ या ताऱ्याच्या ग्रहाचं अधिक्रमण हुकलं. सकाळी अण्णांनीच फोन करून विचारलं, तुझं काही महत्त्वाचं होतं का रे. त्या ग्रहाचं वर्ष एकोणीस-वीस तासांचं आहे, मी म्हटलं दोन-चार दिवसांत परत रात्रीचं सापडेल. चौथ्या रात्री सापडलं.